डब्यातला बिबट्या

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आम्हाला छोटी फिल्म करायची होती. मी नगरला माध्यमांचा अभ्यास करत होते आणि घर होतं कोपरगाव तालुक्यात, गोदावरीच्या बाजूच्या एका वस्तीवर. आजूबाजूला सगळा ऊस. आम्ही तिघं एका गटात होतो. मी, माझी हॉस्टेलमधली मैत्रीण आणि नगर शहरातच वाढलेला एक मित्र. त्याच्या मोबाईलचा कॅमेरा आमच्यात सगळ्यात चांगला, म्हणून तो आमचा कॅमेरामन. विषय मी सुचवला होता. शेतपंपाची लाईट अवेळी येते, बाई एकटी पाणी धरायला जाते आणि उसात बिबट्या असतो. आमच्याकडे तो सगळ्यांनीच पाहिलेला किंवा ऐकलेला. आम्ही त्याला वाघच म्हणतो.

शूटिंगसाठी दोघांना घेऊन मी घरी आले तेव्हा वातावरण आधीच तंग होतं. शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं त्याच आठवड्यात गेलं होतं. साखळी तेवढी खुंट्याला राहिली होती. वनखात्याने कालव्याच्या चारीच्या कडेला पिंजरा लावला होता, पण तो रिकामाच होता. वडील कारखान्यात पाळीवर गेले होते. आईने आमच्या पिशव्या खाली ठेवायच्या आधीच विचारलं, "उसात जायचं काय काम हाय तुमचं? बिबट्या दावायचाय तर मोबाईलवर लई असतात, त्यातला घ्या की."

"आत नाही जायचं काकू, कडेकडेनंच," मित्र म्हणाला.

"कडंलाच असतो तो."

शेवटी तिने परवानगी दिली, पण अटी घालून. दिवस बुडायच्या आत उरकायचं. ती स्वतः काठी घेऊन तिथे उभी राहणार. आणि आजूबाजूच्या वस्त्यांना आधी फोन करून सांगणार, म्हणजे कुणी भलतंच समजून धावत यायला नको. फोन तिनेच केले. "आमच्या पोरीचं शूटिंग हाय, वाघाचं सोंग आणत्यात, घाबरू नका," असं प्रत्येकाला सांगताना तिला थोडी लाजही वाटत होती आणि थोडं कौतुकही.

आमच्याकडे पैसे नव्हते, त्यामुळे सगळं सामान आईच्या घरातून निघालं. गॅसच्या सिलिंडरखालची चाकांची गाडी काढून तिच्यावर मोबाईलचा स्टँड सुतळीने आवळून बांधला, की कॅमेरा हलवता येत होता. मोठी स्टीलची परात उजेड परतवायला. पिठाची चाळणी बॅटरीपुढे धरली की भिंतीवर पानांतून चांदणं पडल्यासारखं दिसायचं. बिबट्यासाठी पिवळी चादर घेतली आणि तव्याची काजळी तेलात कालवून तिच्यावर ठिपके काढले. चादर धुवून निघेल, असं मी आईला सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही. कणीक मळायला परात शोधत ती दोनदा बाहेर आली.

सगळ्यात जमलेली गोष्ट म्हणजे आवाज. तो मला माहीत होता. लहानपणापासून अंथरुणात पडल्यापडल्या ऐकलेला. बिबट्या डरकाळी फोडत नाही. करवतीने ओलं लाकूड कापावं तसा खरखर, खरखर आवाज येतो, थांबतो, पुन्हा येतो. मी तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा घेतला, बुडाला भोक पाडून सुतळी ओवली, आतून गाठ मारली आणि ओलं फडकं सुतळीवर घट्ट धरून ओढलं. पहिल्यांदा नुसतीच किरकिर आली. फडकं जरा कोरडं केलं, हात सावकाश केला, आणि तो आवाज आला. ओट्याशी उभी असलेली आई गर्रकन वळली.

"बंद कर ते," ती म्हणाली. "घरात नको."

संध्याकाळी आम्ही शेजाऱ्यांच्या उसाकडे गेलो. ऊस डोक्याच्या वर गेलेला, तोडणीला आलेला. आमच्या बाजूला बांध आणि पाण्याचा पाट होता. मैत्रीण पाणी धरणारी बाई झाली होती. आईची साडी, डोक्याला टॉवेल, हातात फावडं. मोबाईल सिलिंडरच्या गाडीवर लावून चालू करून ठेवला होता, कारण मित्रालाच चादर पांघरून सरीतून रांगायचं होतं. डबा घेऊन मी पाटाच्या अलीकडे बसले. आई परात आणि काठी घेऊन उभी.

आत शिरायच्या आधी तिने मित्राला बजावलं, "खरा आला तर पळायचं न्हाई. वाकायचं तर आजिबात न्हाई. सरळ उभं राहायचं, हात वर करायचे, वरडायचं."

तो हसला, पण हसू तोंडावर टिकलं नाही.

पहिल्या खेपेला मैत्रिणीला दचकणं जमेना. ऊस हलला की ती मान वळवायची आणि हसायची. डब्याचा आवाज नंतर घालता आला असता, पण मला वाटलं, तो तिच्या कानावर पडला तर तिला अभिनय करावाच लागणार नाही. मित्राला म्हटलं, या वेळी आणखी आत जा आणि आमच्या दिशेने ये. तो आत गेला. वाळलेलं पाचट चुरचुरलं, मग ते थांबलं. मी फडकं सुतळीवर धरून ओढलं.

घरातल्यापेक्षा उघड्यावर तो आवाज निराळाच निघाला. मोठा, खोल, आणि कुठून येतोय ते कळेना. मैत्रीण खरोखर दचकली, फावडं तिच्या हातातून सुटलं. मी आणखी दोन-तीनदा ओढलं. आमच्या वस्तीवरची कुत्री भुंकायला लागली आणि मग एकदम गप्प झाली. तेवढ्यात उसाच्या पलीकडच्या अंगाने बाईची किंकाळी आली.

"माझं लेकरू! आरं माझं लेकरू कुठंय!"

आम्ही जागच्या जागी थिजलो. पलीकडे कुणी राहत नव्हतं. तिकडचा ऊस आधीच गेला होता, रान मोकळं होतं. आईने माझ्याकडे पाहिलं. "तिकडं कोण हाय?"

लगेच पुरुषांचे आवाज आले. "वाघ! वाघ! इकडून गेला!" पातेली, डबे, पत्रे, हाताला लागेल ते बडवायला सुरुवात झाली.

ती ऊसतोडणीची टोळी होती. पाथर्डीकडची माणसं. त्याच दिवशी दुपारून ट्रॅक्टर येऊन त्यांना त्या मोकळ्या रानात सोडून गेला होता. त्यांच्या कोप्या, राहायच्या झोपड्या, अजून अर्धवटच उभ्या होत्या. आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्यांना फोन करायचा प्रश्नच नव्हता. त्यांना एवढंच कळलं, की उसात वाघ बोलतोय आणि आपली एक पोर दिसत नाही.

मी ओरडले, "बाहेर ये! लवकर बाहेर ये!" पण त्या बडवाबडवीत मित्राला काय ऐकू गेलं असेल, कोण जाणे. त्याने नंतर सांगितलं, की 'वाघ' एवढा एकच शब्द त्याला नीट कळला. त्याला वाटलं, खरा बिबट्या आमच्या बाजूला आलाय आणि त्यावरूनच आम्ही ओरडतोय. म्हणून तो आमच्यापासून लांब, पलीकडे पळाला. चादर अंगावर तशीच. मोबाईल आमच्याकडे. ऊस सळसळत दूर जाताना मला दिसला, तेव्हा तो कुठे निघालाय ते माझ्या ध्यानात आलं.

आई आधीच धावत सुटली होती. बांधावरून, चप्पल टाकून, परात तशीच हातात. मी तिच्या मागे, माझ्यामागे मैत्रीण. "माणूस हाय! आत माणूस हाय! मारू नका!" आई ओरडत होती. दम लागून तिचा आवाज चिरकत होता. पुढे चाललेल्या कल्लोळात तो मला एवढ्या जवळूनही जेमतेम ऐकू येत होता.

वळसा घालून पोहोचलो तेव्हा पुरुष उसाच्या कडेला ओळीने उभे होते. हातात कोयते. कुणाच्या हातात दगड, कुणाच्या हातात उसाचं टिपरं. एकाने बॅटरी आत धरली होती आणि त्या झोतात पिवळं काहीतरी, ठिपक्याठिपक्यांचं, पाचटाशी चिकटून बसलेलं दिसत होतं. मित्र पळता पळता त्यांच्या आवाजाला बिचकून सरीत आडवा झाला होता. आईने सांगितलेलं सगळं तो विसरला होता. तो हलत नव्हता.

"थांब, उडी घेईल," कुणीतरी म्हणालं.

एक दगड गेला, पाचटात पडला. दुसरा गेला. एका उंच माणसाने कोयता खांद्यामागे नेला. तेवढ्यात आई मधे घुसली. परात समोर धरून ती त्यांच्या आणि उसाच्या मधोमध उभी राहिली. तिला बोलता येत नव्हतं, फक्त मान हलवत होती. मागून आलेला तिसरा दगड तिच्या बाजूने जाऊन मित्राच्या खांद्यावर बसला.

"आई गं! मेलो!" चादर किंचाळली.

बडवणं थांबलं. तो उंच माणूस पुढे झाला, आईला बाजूला केलं आणि चादर ओढून काढली. आत काजळीने माखलेला, थरथर कापणारा माझा मित्र. त्याचा चष्मा एका कानावर लोंबत होता.

 मग एकदम सगळेच बोलायला लागले. "नाटकं करायला हीच जागा घावली का?" "कोयता सुटला असता तर आमी जेलात गेलो असतो!" मी हात जोडून सांगत होते, की आम्हाला माहीत नव्हतं, फिल्म करत होतो, आवाज डब्याचा होता.  कोयता उचललेला माणूस मात्र खाली बसला आणि कोयता त्याने लांब सारून दिला.

त्या गोंधळात ती बाई पुन्हा ओरडली, "आरं पर माझी पोरगी कुठंय?"

त्या क्षणी सगळ्यांच्याच लक्षात आलं. वाघ खोटा निघाला होता, पण पोर खरोखरच सापडत नव्हती.

त्यानंतरचा वेळ किती होता ते मला सांगता येणार नाही. अंधार पडायला लागला होता. पोरगी तीनेक वर्षांची, अंगात लाल फ्रॉक. बाई चुलीसाठी दगड मांडत होती तोवर तिच्या पायाशी होती, असं ती म्हणत होती. रिकामा पिंजरा माझ्या डोळ्यासमोरून हलेना. डब्याचा आवाज ऐकून खऱ्याने ओ दिली असेल का, असंही मनात येऊन गेलं. पुरुष सऱ्यांमधून शिरले. मैत्रीण साडी वर खोचून कोप्यांमागे शोधत होती. मित्र एक हात पोटाशी धरून, दुसऱ्या हाताने ऊस बाजूला करत फिरत होता आणि त्याला कुणी हटकत नव्हतं. मी चारीकडे धावले. चारीला पाणी सुटलेलं होतं. बॅटरीचा उजेड पाण्यावर टाकायचा मला धीर होत नव्हता. एका ठिकाणी कडेच्या गवतात लाल काहीतरी अडकलं होतं. मी गुडघ्यापर्यंत पाण्यात उतरले. ती गुटख्याची पिशवी होती.

मागून हाका आल्या. "घावली! घावली!"

टोळीत एकाची बैलगाडी होती. गाडीखाली बैलांसाठी आणलेल्या वाढ्याचा, उसाच्या शेंड्यांचा, हिरवा ढीग होता. एका म्हातारीने त्यातला भारा ओढला तर आत पोरगी. झोपलेली नव्हती, टक्क जागी होती. डब्याचा आवाज आल्याबरोबर ती भिऊन आत शिरली होती आणि पातेली बडवायला लागल्यावर आईच्या हाका ऐकूनही बाहेर यायला तयार नव्हती. बाईने तिला उचललं, एक चापट मारली आणि मग छातीशी धरून तिथेच मातीत बसली. माझी आई तिच्याजवळ जाऊन बसली. 

थोड्या वेळाने ती बाई माझ्यासमोर आली. वयाने माझ्याहून फार मोठी नसावी. पोरगी कडेवर होती. "कशानं काढला त्यो आवाज?" तिने विचारलं.

मैत्रिणीने डबा आणला. मी सुतळी दाखवली, ओढली मात्र नाही. तिने डबा हातात घेतला, उलटा करून बघितला आणि कोयत्याच्या टोकाने सुतळी कापली.

"मागच्या साली दुसऱ्या कारखान्यावर हुतो," ती म्हणाली. "आमच्या शेजारच्या कोपीतली पोरगी नेली. आदी असाच आवाज आल्ता."

डबा माझ्या हातात देऊन ती गेली.

घरी आल्यावर आईने मित्राच्या खांद्याला तेल-हळद गरम करून लावली. हाड मोडलं नव्हतं, सूज मोठी होती. जेवायची कुणालाच वासना नव्हती. मैत्रिणीने पाटावरून सामान आणलं तेव्हा कळलं, की मोबाईल बंद करायचा राहिला होता. मेमरी भरेपर्यंत तो चालूच होता. चित्रात नुसता पाट आणि काळा होत जाणारा ऊस. पण आवाज सगळा आला होता. डब्याचा, कुत्र्यांचा, मग ती किंकाळी, बडवणं, आईचं दूर जाणारं ओरडणं आणि नंतर बराच वेळ नुसत्या हाका.

आम्ही तो एकदा ऐकला. मैत्रीण उठून बाहेर गेली.

"हे आपल्याला करून कधी जमणार नाही," मित्र हळू आवाजात म्हणाला. "कॅमेऱ्यापुढे नुसता ऊस आणि मागे हे. यालाच फिल्म म्हणतात."

"त्या बाईचं काय?" मी म्हटलं.

"तिचं तोंड दिसत नाही. नाव नाही. आणि दगड मला लागलाय."

मैत्रीण दारातून म्हणाली, "ती तिच्या पोरीला हाका मारतेय. आपल्या फिल्मला नाही."

दोघांचं कडाक्याचं वाजलं. खरं तर मला मित्राचं पटत होतं आणि ते पटतंय याचाच राग येत होता. आई आत भाकरी थापत होती. कुणी न विचारताच ती म्हणाली, "जिचा आवाज हाय तिला इचारा. आपसात काय भांडताय?"

सकाळी मी आणि आई कोप्यांवर गेलो. मित्र यायला तयार होता, पण आईने त्याला थांबवलं. रात्रीचा राग अजून कुणाच्या डोक्यात असेल तर त्याला बघून तो परत भडकेल, असं तिचं म्हणणं. पुरुष ऊस तोडत होते. आम्हाला बघून दोघं-तिघं थांबले, कोयते हातातच.  ती बाई मोळ्या बांधत होती. मी तिला जे आहे ते सांगितलं. आवाज आलाय, तो वापरावासा वाटतोय, तू नको म्हणालीस तर इथेच पुसून टाकते.

"आयकू दे," ती म्हणाली.

तिने मोबाईल कानाला लावला. किंकाळी आली तशी तिची बोटं पांढरी पडली. मला वाटलं, आता ती मोबाईल फेकणार. पण तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"हितं बंद का झालं?"

"जागा संपली मोबाईलमधली."

"म्हंजी पोरगी घावल्याचं न्हाई ह्यात."

"नाही."

तिने पोरीकडे पाहिलं. पोरगी उसाचं कांडं चोखत बसली होती. मग ती म्हणाली, "ठिवा. पर शेवटाला पोरगी घावली असं दावायचं. न्हाईतर माझा आवाज घ्यायचा न्हाई."

मी मान डोलावली.  आईनेच विचारलं, "कवा यायचं शूटिंग करायला?"

"गाडी भरून झाल्यावर."

दुपारी आम्ही सगळे गेलो. मित्राने एका हाताने कॅमेरा धरला. वाढ्याचा ढीग होताच. पोरीला त्यात बसवलं, तर ती हसायची आणि आपणच बाहेर यायची. तिच्या बापाने, म्हणजे आदल्या दिवशी कोयता उचलणाऱ्या त्या उंच माणसानेच, तिला पुन्हा पुन्हा आत बसवलं. मित्र त्याच्याकडे बघायचं टाळत होता. मग त्या माणसाने त्याच्या खांद्याकडे बोट दाखवून विचारलं, "दुखतंय का लई?" मित्र म्हणाला, "थोडं." एवढंच बोलणं झालं, पण नंतर कॅमेरा हलायचा थांबला.

बाईने भारा उचलला, पोरीला बाहेर काढलं, छातीशी धरलं. आम्ही काही सांगितलं नव्हतं. एकदा झाल्यावर तीच म्हणाली, "आजून एकदा घ्या. ह्यात माझं तोंड पार वाकडं झालं असंल." दुसऱ्या वेळी ती रडली आणि तेच आम्ही ठेवलं.

कॉलेजात फिल्म दाखवली तेव्हा किंकाळी येताच मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. मग कुणी हसलं नाही. आमचे सर म्हणाले, पोर सापडत नाही तिथेच थांबायला हवं होतं, परिणाम जास्त झाला असता. मित्र उभा राहिला. त्याला सरांचं पटेल अशी माझी खात्री होती. तो म्हणाला, "सर, ती सापडली होती," आणि खाली बसला.

टोळी तोवर पुढच्या गावाला गेली होती. मी फिल्म त्या बाईच्या नवऱ्याच्या मोबाईलवर पाठवली. तीन-चार दिवस काहीच आलं नाही. मग एका दुपारी फोन आला. मागे ट्रॅक्टर चालू होता, नीट ऐकू येत नव्हतं. ती म्हणाली, की पोरगी आता सारखा मोबाईल मागते, स्वतःला बघायला, आणि बापाची बॅटरी उतरवून ठेवते. मी विचारलं, "आणि तुम्हाला कशी वाटली?"

"मी सुरवातीचं बघत न्हाई," ती म्हणाली. "पुढं सारती आन् शेवटाचं बघती." मग कुणीतरी तिला हाक मारली, मोळी उचलायला, आणि तिने फोन ठेवला.